गुळवेलीचं माप

नारायणगडाच्या पायथ्याला गुळवेल शोधावी लागत नाही, निवडावी लागते. नगद नारायण महाराजांच्या या गडाला बीडकर धाकटी पंढरी म्हणतात. दर्शन गडावर आणि वेल तोडायची ती खालच्या बांधावरून, तीही मालकाला विचारून, असा आमचा शिरस्ता. लिंबावर चढलेली वेल लांबूनच ओळखू येते, कारण फांद्यांवरून तिची बारीक दोरेदार मुळं जमिनीच्या दिशेने लोंबत असतात.

लिंबावरचीच न्या, बाभळीवरची नको, असा शेळ्या वळणाऱ्या एका आजोबांचा आग्रह होता. वैद्यही हेच सांगत आले आहेत. आम्ही दोन्ही घेतल्या, पण वेगळ्या पिशव्यांत. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घातली. आधाराचं झाड कोणतं, तारीख काय, काडीची जाडी किती, वेलीला फुलं होती का, आणि असली तर नर की मादी, हे सगळं त्या चिठ्ठीवर. गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. घाईत हे लिहायचं राहिलं की पुढचं यंत्र कितीही महागाचं असो, त्याचा उपयोग नाही.

करंगळीएवढ्या जाडीची काडी घ्यावी. वरची करडी साल नखाने कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा थर दिसतो. आडवी कापली की आत बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या. काप जिभेला लावला तर कडूपणा बराच वेळ जात नाही. हे काप सावलीत वाळवायचे. काडीत पाणी भरपूर, त्यामुळे चार किलोंचा जेमतेम किलोभर माल उरतो. उरलेला ओलावा पुन्हा वेगळा मोजावा लागतो. समजा वाळलेल्या कापांच्या पुडीत 12 टक्के ओलावा आहे आणि फिनॉल गटातल्या द्रव्यांचं मोजमाप ग्रॅममागे 10 मिलिग्रॅम आलं, तर कोरड्या वजनावर तेच 11.4 होतं. दोन प्रयोगशाळांची भांडणं पुष्कळदा इथेच सुरू होतात.

आता प्रयोगशाळा. पूड पाणी मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये भिजवायची, हलवायची, गाळायची. नुसत्या पाण्यात वेगळी द्रव्यं उतरतात, मिथेनॉलमध्ये वेगळी. आपण घरी काढा करतो तो पाण्यात, आणि अहवालातला आकडा बहुतेक वेळा मिथेनॉलचा असतो, हे वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

गाळलेल्या अर्काच्या थेंबावर पिवळं फोलिन द्रावण घालायचं. ओट्टो फोलिन आणि सिओकाल्टू या दोघांनी 1927 मध्ये दिलेलं हे द्रावण आजही तसंच वापरात आहे. त्यात टंगस्टन आणि मॉलिब्डेनमची आम्लं असतात. मग सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, घालून नळ्या अंधारात ठेवायच्या. पिवळा रंग आधी हिरवट होतो, मग निळा गडद होत जातो. शेजारी गॅलिक आम्लाच्या नळ्या, फिकटापासून गडदापर्यंत ओळीने. हिरडा, आवळा आणि माजूफळ यांच्यातलं हे आम्ल इथे मापाचं वजन म्हणून वापरतात. 760 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश निळ्या द्रावणाने किती गिळला, हे यंत्र सांगतं. त्यावरून एक सरळ रेषा निघते आणि गुळवेल त्या रेषेवर कुठे बसते ते वाचायचं. छोटी चौकोनी कुपी खरबरीत बाजूंनीच धरायची. गुळगुळीत बाजूला बोटाचा ठसा उमटला तर यंत्र तोही मोजतं.

हा निळा रंग नेमका कशाचा, हा खरा प्रश्न. फिनॉल गटातली द्रव्यं तो देतात, पण क जीवनसत्त्व आणि काही साखराही देतात. म्हणजे आकडा सांगतो तो अर्काच्या एका रासायनिक वागणुकीबद्दल, गुणाबद्दल नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची अशीच एक यादी लोकांसाठी ठेवली होती. नळीतल्या आकड्यांवरून प्रकृतीला होणारा फायदा ठरत नाही आणि जाहिरातवाले तेच आकडे मिरवतात, असं दिसल्यावर 2012 मध्ये खात्याने ती काढून टाकली.

म्हणून दुसरी चाचणी. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर अर्काची रेघ ओढायची, द्रावक वर चढू द्यायचा आणि 366 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहायचं. काळोखात एक झगझगीत पिवळा पट्टा उठून दिसतो. हे बर्बेरिन, दारुहळदीतही असतं तेच. शेजारच्या शुद्ध नमुन्याच्या उंचीला तो पट्टा जुळला, तरच त्याला नाव द्यायचं. पण एकाच पट्ट्यावरून वनस्पतीची ओळख पटत नाही, सगळ्या पट्ट्यांची रांग जुळावी लागते.

ओळखीवर एवढा भर का, तर मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या खडबडीत गाठींच्या भावंडाशी तिची गल्लत करू नका, असं बजावलं. वाद कुणाचाही खरा असो, रुग्णाने घेतलेली काडी नेमकी कोणती, या प्रश्नापाशी तो अडतो. त्याचं उत्तर निळ्या रंगात नाही.

आमच्या दोन पिशव्यांचे आकडे निघाले तेव्हा ऐकणाऱ्यांना एकच हवं होतं, लिंब जिंकला की बाभूळ? दोन वेलींवरून तो निकाल देता येत नाही. वय, महिना, नर-मादी, जमिनीतली ओल, सगळं समान ठेवून अनेक वेली तपासाव्या लागतील. तोवर आजोबांचं म्हणणं खोटं ठरवायलाही आमच्याकडे आधार नाही. उलट आधार कोणता, भाग कोणता, ऋतू कोणता, हे विचारण्याची त्यांची सवय कुठल्याही प्रयोगवहीला शोभेल अशीच आहे.

बीडचा शेतकरी उद्या वाळलेली गुळवेल व्यापाऱ्याला देईल तेव्हा यंत्र शहरातच असेल. पण झाड, तारीख आणि वाळवण्याची रीत यांची नोंद त्याच्याच हाताने व्हायला हवी. त्याला पेन्सिल आणि कागद एवढंच लागतं. मापाचं अर्धं काम बांधावरच होतं आणि ते तिथे चुकलं तर पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही.