शिवधनुष्याची दोरी : सांगलीपासून पिंगुळीपर्यंत कळसूत्री बाहुल्यांचे संगीतनाट्य

दोऱ्यांनी चालणाऱ्या लाकडी बाहुल्यांकडून संपूर्ण संगीत नाटक करून घेण्याची प्रथा युरोपात अडीचशेहून अधिक वर्षांपासून आढळते. १७७३ साली हंगेरीतील एस्टरहाझी राजवाड्यात सम्राज्ञी मारिया थेरेसा पाहुणी म्हणून आली असता जोसेफ हायडन या संगीतकाराने खास बाहुल्यांसाठी रचलेला ऑपेरा तेथे सादर झाला होता. ऑपेरा म्हणजे ज्यात कथानक मुख्यतः गायनातून पुढे सरकते असे नाटक. या प्रथेचे आजचे सर्वांत नावाजलेले घर ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग शहरात असून तेथील बाहुली-रंगभूमी आन्टोन आयशर या शिल्पकाराने १९१३ साली मोत्सार्टच्या एका छोट्या संगीतिकेने सुरू केली. पुढे मुलगा हेरमान व नात ग्रेटल अशा तीन पिढ्यांनी ती चालवली, आणि २०१६ साली तेथील बाहुली चालवण्याच्या पद्धतीला ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. तेथे बाहुल्या रंगमंचावर वावरतात आणि गाणे ध्वनिमुद्रिकेतून येते. जगातील उत्तमोत्तम गायकांचे आवाज त्यामुळे बाहुलीला लाभतात, परंतु त्या आवाजात त्या रात्री, त्या प्रेक्षकांसमोर काहीही बदल होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात या कलेचे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत आणि दोहोंतही गाणारा गळा प्रयोगाच्या जागी हजर असतो. पहिला प्रवाह सांगलीचा असून तो थेट मराठी रंगभूमीच्या उगमाशी जोडलेला आहे; दुसरा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात, पिंगुळीच्या ठाकर समाजात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोरीने हलणाऱ्या बाहुल्याचा दृष्टान्त ज्ञानेश्वरीतही येतो. तेव्हा हा खेळ मराठी माणसाच्या पाहण्यातला होता यात शंका नाही, मात्र त्या काळातील खेळ नेमका कसा चाले हे सांगणारी साधने फारच तुटपुंजी आहेत, आणि म्हणून खात्रीचा विचार एकोणिसाव्या शतकापासूनच करावा लागतो.

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारात कर्नाटकातून भागवत मंडळी खेळ करण्यासाठी आली होती. तसाच पण अधिक नेटका खेळ मराठीत करावा अशी आज्ञा आप्पासाहेबांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना दिली आणि त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' हे आख्यान रंगभूमीवर आले. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. आप्पासाहेबांच्या निधनानंतर भाव्यांनी आपली मंडळी घेऊन गावोगाव प्रयोग केले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केला. हा इतिहास शालेय पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. तितका परिचयाचा नाही तो भाव्यांच्या हातांतील कसबाचा भाग. भावे लाकडाचे कुशल कारागीर होते. त्यांनी घडवलेल्या कळसूत्री बाहुल्या, म्हणजे दोऱ्या वरून ओढून ज्यांचे अवयव हलवता येतात अशा लाकडी बाहुल्या, त्यांच्या पश्चात दीर्घकाळ पडून राहिल्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्दभ्रमकार व बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर उभ्या केल्या आणि त्यांच्याकरवी 'सीता स्वयंवर' करून दाखवले.

मराठी नाटकाचा जनक आणि बाहुल्यांचा कारागीर ही दोन्ही माणसे एकच असावीत, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही, कारण भाव्यांच्या नाटकाची रचनाच बाहुलीला सोयीची आहे. त्या नाटकात गणपती आणि मोरावर बसलेली सरस्वती येऊन गेल्यावर आख्यान सुरू होई. सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा मुख्य गायक, रंगमंचाच्या कडेला उभा राहून सर्व पात्रांची पदे साथीदारांसह म्हणत असे; पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने हालचाली करीत, आणि पद संपल्यावर आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. राक्षसांच्या तोंडी तर 'अललडुर्र' अशा आरोळीपलीकडे फारसे काही नसे. गाणारा एक आणि वावरणारा दुसरा ही विभागणी पक्की असल्यामुळे वावरणाऱ्या माणसाच्या जागी लाकडी बाहुली आणली तरी नाटकाच्या बांधणीला धक्का लागत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि नटाने स्वतःच गायला सुरुवात केली, तेव्हापासून चित्र पालटले. प्रेक्षक नटाच्या गळ्यासाठी येऊ लागला, एकेका पदाला 'वन्स मोअर' मिळू लागला, आणि आवडीचे नाट्यपद गायकाच्या त्या रात्रीच्या लहरीप्रमाणे लांबू लागले. असे नाटक बाहुलीला देणे कठीण असते, आणि त्याचे उत्तर ध्वनिमुद्रिकेतही सापडत नाही, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्या तबकड्यांतून आज हाती लागतात ती सुटी पदे. त्यांतून सबंध नाटक उभे राहत नाही.

बाहुलीचे यंत्र कोठे अडते आणि कोठे खुलते हे पाहण्यासाठी 'सीता स्वयंवरा'तील शिवधनुष्याच्या प्रसंगाइतका चांगला नमुना दुसरा नाही. वरवर पाहता प्रसंग सोपा आहे: रावण धनुष्य उचलायला जातो, ते त्याच्या छातीवर पडते आणि फजिती होते, मग राम येतो, धनुष्य उचलतो आणि ते मोडते. जिवंत नटाला यात काहीच अवघड नाही. बाहुलीला मात्र बोटे मिटता येत नाहीत, त्यामुळे ती कोणतीही वस्तू पकडू शकत नाही. म्हणून धनुष्याला एक वेगळी दोरी बांधून ती बाहुलीच्या तळहाताला पाडलेल्या भोकातून वर नेतात. राम वाकला की त्याचा हात धनुष्याजवळ येतो, आणि त्याच क्षणी ती दोरी वर खेचली म्हणजे धनुष्य जाऊन तळहाताला चिकटते; पाहणाऱ्याला रामाने धनुष्य उचलले असे दिसते. प्रत्यक्षात वस्तूच हाताकडे आलेली असते. यातील खरी अडचण वेळेची आहे. दोरी अर्धा क्षण आधी ओढली तर धनुष्य आपोआप उडाल्यासारखे दिसते, उशिरा ओढली तर रिकामा हात वर जातो, आणि दोन्ही वेळा लहान मुलेसुद्धा हसतात. मोडण्यासाठी धनुष्य दोन तुकड्यांचे करावे लागते; ताणलेल्या दोरीने ते तुकडे जोडलेले राहतात आणि दोरी सैल सोडली की अलग होतात. म्हणजे रामाच्या पराक्रमाचा क्षण दोरी ओढल्याने घडत नाही, तो दोरी सोडल्याने घडतो, आणि मृदंगाची थाप नेमकी त्या सोडण्यावर पडावी लागते.

रावणाची बाब याहून चिवट आहे. बाहुलीचा तोल तिच्या गुरुत्वमध्यावर, म्हणजे सारे वजन जेथे एकवटल्यासारखे वागते त्या बिंदूवर, अवलंबून असतो. हाइनरिख फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाने १८१० साली बाहुली-रंगभूमीवर लिहिलेल्या निबंधात याच बिंदूचा विचार केला आहे: तो बिंदू नीट हलवला की हातपाय लंबकासारखे आपोआप मागोमाग येतात. दहा तोंडांच्या रावणात मात्र वजन डोक्याकडे सरकते आणि बाहुली पुढे झुकू पाहते, त्यामुळे खालच्या अंगाला भार द्यावा लागतो. भार वाढला की हालचाल मंदावते, आणि मंद झालेला रावण द्रुत लयीच्या पदाला पुरा पडत नाही. दोरीची लांबीही येथे महत्त्वाची ठरते, कारण लांब दोरीवरील लंबक सावकाश झुलतो आणि आखूड दोरीवरील भरभर. चालवणाऱ्याने उभे राहायचे की बसायचे, पडदा किती उंच बांधायचा, या निर्णयांतच गाण्याची लय अर्धीअधिक ठरून जाते. भारतातील निरनिराळ्या परंपरांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. राजस्थानी कठपुतळीला पायच दिलेले नसतात आणि तिच्या मोजक्या दोऱ्या थेट बोटांना बांधलेल्या असतात. तमिळनाडूच्या बोम्मलाट्टमध्ये बाहुल्या इतक्या जड की चालवणारा त्यांच्या दोऱ्या डोक्यावर घातलेल्या लोखंडी कड्याला बांधतो आणि स्वतःच्या मानेने बाहुलीला नाचवतो. युरोपीय पद्धतीत दोऱ्या हातातील लाकडी फुलीवर एकत्र केलेल्या असतात आणि ती फुली कलती केली की बाहुली चालू लागते. बोटे, मान आणि फुली या तिन्हींत शरीराचा वेगळा भाग गाण्याशी जोडला जातो, त्यामुळे प्रत्येक परंपरेतील बाहुलीचे नाचणे वेगळ्या ढंगाचे दिसते.

पिंगुळीचे ठाकर कलावंत या यंत्रविद्येचे कोकणातील वारसदार आहेत. हलक्या लाकडातून कोरलेल्या, रंगवलेल्या आणि कापडी पोशाख घातलेल्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे हाताने रंगवलेल्या चित्रांची पोथी एकेक पान उलगडत गाऊन सांगण्याची कला, या तिन्ही विद्या याच समाजात नांदत आल्या. सावंतवाडीच्या सावंत-भोसले राजघराण्याचा त्यांना आश्रय होता आणि मंदिरांतील उत्सवांत रामायण-महाभारतातील आख्याने सादर करण्याचा मान त्यांच्याकडे असे. येथे खेळ चालवणारा माणूस दोरी ओढता ओढता पात्रांचे संवादही बोलतो, निवेदन व गाणे हाताशी असलेले साथीदार उचलून धरतात, आणि ही सारी कामे बहुधा एकाच घरातील माणसांत वाटलेली असतात. साल्झबुर्गमध्ये यंत्र आणि आवाज वेगळे केल्याने जे साधले, ते पिंगुळीने दोन्ही एकत्र ठेवून साधले आहे, आणि संगीतनाट्य म्हणून पाहता पिंगुळीची वाट अधिक मोलाची मानली पाहिजे. गाणारा जवळ असला म्हणजे बाहुली अडली तर पद लांबवता येते, धनुष्य हाताला लागेपर्यंत आलाप धरून ठेवता येतो, आणि प्रेक्षक रंगला तर तेच पद पुन्हा घेता येते. 'वन्स मोअर'ला होकार देणारी बाहुली ध्वनिमुद्रिकेवर कधीच नाचणार नाही.

या कलेसाठी आयुष्य वेचणाऱ्यांत परशुराम गंगावणे यांचे नाव अग्रभागी येते. पिंगुळीत त्यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर 'ठाकर आदिवासी कला आंगण' या संग्रहालयात केले, जुन्या पोथ्या व बाहुल्या जपल्या, नव्या घडवल्या आणि घरातल्या पुढच्या पिढीला खेळ शिकवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्याच्या जागेत उभ्या राहिलेल्या त्या संग्रहालयाने सरकारी योजनांची वाट पाहिली नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे.

तरीही चिंतेची कारणे सन्मानाने मिटलेली नाहीत. रात्रभर चालणारे आख्यान आज पर्यटकांसाठी, शाळांसाठी किंवा महोत्सवांसाठी अर्ध्या तासात आटपावे लागते आणि या कापाकापीत पहिला बळी पदांचा जातो. युद्ध राहते, धनुष्य मोडते, पण ते मोडण्याआधीची गाणी गळून पडतात. छायाबाहुल्यांपुढे आणखी एक पेच आहे, कारण पूर्वी वापरले जाणारे हरणाचे कातडे वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वापरता येत नाही, आणि दुसऱ्या कातड्यातून प्रकाश तितकाच स्वच्छ उतरतो असे नाही. लाकडी बाहुल्यांची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. बाहुली कोरायला शिकणे काही महिन्यांचे काम असू शकते, परंतु दोरी, संवाद आणि लय एकाच वेळी सांभाळायला शिकण्यासाठी लहानपणापासून पडद्यामागे बसावे लागते, आणि गावातील मुलगा बारावीनंतर नोकरीसाठी गोव्याला किंवा मुंबईला गेला की ती बैठक कायमची मोडते. खेळातून मिळणारे उत्पन्न हंगामी असल्यामुळे त्याला थांब म्हणण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही.

जतनाचे काम ज्या रीतीने चालते तिच्यातही एक धोका दडलेला आहे. बाहुली वस्तू असल्यामुळे ती काचेच्या कपाटात ठेवता येते, तिचे छायाचित्र छापता येते, तिची प्रतिकृती विकता येते. चित्रकथीची पाने तर चौकटीत बसवून भिंतीवर टांगण्यासाठी लोक आवडीने विकत घेतात. पदांच्या चाली, आयत्या वेळी बोलण्याची रीत आणि दोरी सोडण्याचा अचूक क्षण यांना असा ग्राहक नाही. परिणामी बाहुल्या उरतील आणि नाटक जाईल अशी स्थिती येऊ शकते, आणि विष्णुदास भाव्यांच्या बाहुल्या कित्येक दशके अडगळीत पडून राहिल्याचा इतिहास पाहता ही भीती अवास्तव म्हणता येत नाही. त्या बाहुल्या पुन्हा उभ्या राहिल्या, कारण दोरी कशी ओढायची हे जाणणारा एक व्यावसायिक बाहुलीकार त्यांना भेटला. म्हणूनच शासनाने आणि नाट्यसंस्थांनी बाहुल्यांच्या खरेदीपेक्षा संपूर्ण आख्यानांच्या ध्वनिचित्रमुद्रणावर, आणि त्याहून अधिक शिकणाऱ्या मुलांच्या विद्यावेतनावर, पैसा खर्च करायला हवा.

मुंबईच्या उपनगरांत सिंधुदुर्गातून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि त्यांच्यासाठी शहरातील नाट्यगृहांत दशावतार या कोकणी लोकनाट्याचे प्रयोग होतच असतात. अशा नाट्यगृहांत दशावताराच्या जोडीला वर्षातून एकदा तरी पिंगुळीचे कळसूत्री आख्यान, एकही पद न गाळता, पूर्ण तिकीट लावून व्हावे, आणि कोकणी माणसाने मुलाबाळांसह त्याला जावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी कुडाळला उतरल्यावर आणखी काही किलोमीटर पुढे पिंगुळीला जावे, आणि बाहुली विकत घेण्याआधी खेळ लावण्याची विनंती करावी.