चलन आलं : भरायचं, मिटवायचं की लढायचं?

तासगावच्या मार्केट यार्डातून बेदाणा भरून गेलेला टेम्पो पुण्याहून रिकामा परत यायच्या आत मालकाच्या मोबाइलवर संदेश येऊन पडतो. महामार्गावर अमुक ठिकाणी, अमुक वेळी वेगमर्यादा ओलांडली, दंड इतका. मग सल्ले सुरू होतात. ‘भरू नको, सहा महिन्यांनी आपोआप जातंय.’ ‘लोकअदालतीत जा, निम्म्यात मिटतंय.’ ‘कोर्टात अर्ज टाक, पोलीस काय येत न्हाई.’ तिन्ही सल्ल्यांत थोडे थोडे खरे आहे, म्हणून तर माणूस फसतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा की, आधी दंड भरून टाकू आणि मग कोर्टात दाद मागू. चलन हा पोलिसांनी ठेवलेला आरोप असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 प्रमाणे राज्याने ठरवून दिलेली तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण तिथेच मिटते. पुढे कारवाई होत नाही, तसे भांडायलाही काही उरत नाही. म्हणून ज्याला चलन चुकीचे वाटते, त्याने पैसे भरायचे बटण दाबण्याआधी फोटो उघडून पाहावा.

फोटो नीट, मोठा करून पाहावा. नंबरप्लेटवरचा 3 धुळीमुळे 8 वाचला गेला आहे का? गाडीचा रंग, मॉडेल आपलेच आहे का? ठिकाण आणि वेळ लिहिली आहे त्या वेळी गाडी यार्डात काट्यावर उभी असेल तर काट्याची पावती काढून ठेवावी. टोलनाक्याची फास्टॅगची नोंदही उपयोगी पडते. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत पाठवावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली आलेला नियम 167-अ सांगतो. त्यामुळे संदेशाची तारीखही पाहावी. फोटो कशाने काढला हेही विचारता येते, कारण पोलिसांनी ई-चलनासाठी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढू नयेत, असे राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने जुलै 2025 मध्ये बजावले आहे. नंबर चुकल्याचे उघड दिसत असेल तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. वकील लागत नाही, खर्च नाही. सरळ चुकीला हाच रस्ता बरा. तक्रार फेटाळली गेली तरी कोर्टाचा रस्ता बंद होत नाही.

आता लोकअदालत. वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते आणि तिच्याआधी थकीत चलनवाल्यांना संदेश जातात. तो संदेश वाचून काहींच्या पोटात गोळा येतो : आता वॉरंट निघणार! तसे काही नसते. दाखलपूर्व प्रकरणाची ती नोटीस असते, म्हणजे खटला अजून उभाच राहिलेला नसतो. न गेल्यास अटक होत नाही, मात्र चलन तसेच राहते आणि पुढे खटला होऊ शकतो. न्यायालयाचे समन्स मात्र वेगळे. त्यावर खटल्याचा क्रमांक, न्यायालयाचा शिक्का आणि तारीख असते. ते केराच्या टोपलीत टाकणाऱ्याच्या मागे वॉरंट लागू शकते.

दुसरी बाजू अशी की, लोकअदालतीत कोणी लढत नाही. तिथे साक्षीपुरावा होत नाही, उलटतपास होत नाही, दोषी कोण हे कोणी ठरवत नाही. दोन्ही बाजू राजी असतील तर तडजोड होते, नाहीतर प्रकरण जिथून आले तिथे परत जाते. तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही. ‘निम्म्यात मिटतं’ हे काही वेळा घडले आहे, पण सवलत हा कोणाचा हक्क नव्हे. शिवाय दारू पिऊन गाडी चालवणे, अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी देणे, ही प्रकरणे कलम 200 च्या तडजोडीत बसतच नाहीत. निर्दोष आहे म्हणणाऱ्या माणसाने लोकअदालतीत जाऊन थोडे कमी पैसे भरणे म्हणजे नसलेल्या गुन्ह्याची घासाघीस करणे होय.

मग लढायचे कुठे? तासगावात न्यायालय आहे, पण गुन्हा तासगावच्या हद्दीत घडला असेल तरच त्याचा उपयोग. खटला गुन्हा घडला त्या हद्दीच्या न्यायालयात चालतो, गाडी एमएच 10 असली म्हणून सांगली जिल्ह्यात येत नाही. कराडजवळचे चलन कराडला, खंबाटकी घाटातले सातारा जिल्ह्यात, द्रुतगती मार्गावरचे त्याहून लांब. व्हर्च्युअल कोर्टाने हा त्रास संपला असे काहींना वाटते. महाराष्ट्रात वाहतूक प्रकरणांसाठी असे न्यायालय नागपुरातून 31 ऑक्टोबर 2020 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते सुरू झाले. तिथे घरबसल्या गुन्हा कबूल करून दंड भरता येतो. लढायचे म्हटले की प्रकरण त्या त्या हद्दीच्या नेहमीच्या न्यायालयाकडेच पाठवले जाते. सोय आहे ती भरणाऱ्याची.

कोर्टात गेल्यावर काय होते, याबद्दल सिनेमाने बऱ्याच कल्पना दिल्या आहेत. प्रत्यक्षात हा संक्षिप्त खटला असतो. कलम 208 प्रमाणे समन्समध्येच लिहिलेले असू शकते की, स्वतः न येता वकिलामार्फत हजर राहा, किंवा गुन्हा कबूल असल्यास मनिऑर्डरच्या कुपनवरच तसे लिहून रक्कम पाठवा. हजर राहिलात तर न्यायाधीश विचारतात : गुन्हा कबूल आहे का? लवकर सुटका व्हावी म्हणून बरेचजण ‘हो’ म्हणतात आणि खटला तिथेच संपतो. ‘कबूल नाही’ म्हटले की आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर येते. कॅमेऱ्याच्या नोंदीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र आहे का, हे विचारता येते. साक्षीदार पोलीस त्या दिवशी आला नाही तर? सुटका आपोआप होत नाही. न्यायालय पुढची तारीख देते, पुन्हा समन्स काढते, आणि कराडला दुसरी खेप आपल्याला पडते.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 514 सांगते. पण योग्य कारण असेल तर न्यायालय हा उशीर माफही करू शकते. शिवाय हा मुद्दा न्यायाधीशांसमोर मांडायचा असतो. मोबाइलवरचे चलन त्या तारखेला पुसले जात नाही, आणि गाडी विकताना सांगलीच्या परिवहन कार्यालयात ते आडवे येते.

सरळ हिशेब केला तर पाचशे रुपयांसाठी द्राक्षतोडणीच्या दिवसांत दोन दिवस घालवून वकिलाची फी भरण्यात शहाणपण नाही. कोर्टात हरलात तर तडजोडीपेक्षा जास्त भरावे लागू शकते. हेल्मेटच्या गुन्ह्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-डी मध्ये 1,000 रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांची परवानाबंदीही आहे. उलट ज्याचे पोटच ड्रायव्हिंगवर आहे आणि परवाना धोक्यात आला आहे, त्याने जरूर लढावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो.

राहिला गाडी दुसरा चालवत असल्याचा मुद्दा. ‘मी नव्हतोच’ एवढे पुरत नाही. कलम 133 प्रमाणे चालक कोण होता, त्याचा परवाना कोणता, हे मालकाने सांगायचे असते. जुनी मोटारसायकल विकून, सह्या करून मोकळे झालेल्यांची अडचण याहून मोठी. हस्तांतराची खबर विकणाऱ्याने 14 दिवसांत द्यायची असते. ती दिली नसेल आणि नोंदणी पुस्तकात अजून तुमचेच नाव असेल, तर एक चलन कसेबसे मिटवले तरी पुढचे तुमच्याच मोबाइलवर येणार.