‘को-एड’ म्हणजे फक्त मुलगीच का?

मुलामुलींनी कॉलेजात एका वर्गात बसून शिकणे ही अमेरिकेत 1830च्या दशकात नवी गोष्ट होती. तिच्यासाठी ‘कोएज्युकेशन’ हा शब्द 1850च्या सुमारास रूढ होऊ लागला. त्यातला ‘को’ लॅटिनमधला, अर्थ ‘सोबत’. सोबत म्हटले की दोघे आले. पण या शब्दाचा पुढचा प्रवास एकट्या मुलीच्या वाट्याला आला.

ओहायोमधले ओबर्लिन कॉलेज 1833 साली सुरू झाले. 1837मध्ये चार मुलींना तिथे पदवीच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला आणि त्यांपैकी तिघी 1841मध्ये पदवीधर झाल्या. हे पाऊल मोठेच होते. मात्र त्याच ओबर्लिनमध्ये मुलांचे कपडे धुणे, शिवणे ही कामे मुलींकडे होती. वक्तृत्वाच्या वर्गात त्यांनी ऐकायचे. वादविवादात बोलायचे मुलांनी. तिथल्या विद्यार्थिनी लूसी स्टोन आणि अँटोनेट ब्राऊन यांनी वादविवादाचा सराव गुपचूप केला. 1847मध्ये पदवीदान समारंभासाठी निबंध लिहायला लूसीने नकार दिला, कारण तो व्यासपीठावरून पुरुष वाचणार होता. पुढे तिने स्त्रियांच्या हक्कांसाठी देशभर भाषणे केली.

प्रवेश वाढले तसा विरोधही वाढला. मिशिगन विद्यापीठाने 1870मध्ये मुलींना दार उघडले. तीनच वर्षांनी बोस्टनचे डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून सांगितले, की मुलांच्या बरोबरीने अभ्यास केल्यास मुलींची प्रजननक्षमता धोक्यात येते. हाताशी मोजक्या रुग्णांच्या हकिकती होत्या, तरी पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

याच वातावरणात ‘को-एड’ हे छोटे रूप जन्मले. लुइझा मे ऑल्कट यांच्या 1886च्या ‘जोज् बॉइज’ या कादंबरीतला त्याचा वापर सर्वांत जुन्या छापील नोंदींपैकी एक. तिथे तो शिक्षणपद्धतीविषयी आहे. 1890च्या दशकात मात्र ‘को-एड’ म्हणजे कॉलेजात शिकणारी मुलगी, असा अर्थ पक्का झाला. शेजारच्या बाकावरचा मुलगा निव्वळ ‘स्टुडंट’ राहिला. वर्ग दोघांचा, आणि पाहुणी ठरली ती एकटी! शब्दाने केलेला हा अन्याय लहान नाही.

तेव्हा आपल्याकडे काय चालले होते? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या घोळक्यात एकट्या शिकत होत्या. त्या आत येऊ नयेत म्हणून वर्गाची दारे त्यांच्या तोंडावर आपटली जात. तरीही मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. 1892मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी दिली. तिची पदवी हातात पडायला 1922 उजाडले.

तिकडे अमेरिकेत येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी पदवीपूर्व वर्गांत मुली घेतल्या त्या 1969मध्ये. आज अमेरिकेत वसतिगृहाला किंवा संघाला ‘को-एड’ म्हणतात, त्यात गैर काही नाही. मुलीला तसे म्हणणे मात्र तिथेही जुनाट आणि अपमानकारक मानले जाते. मराठी लेखकांनी, भाषांतरकारांनीही हे ध्यानात ठेवावे: सहशिक्षण हे संस्थेचे विशेषण आहे, तिथे शिकणाऱ्या मुलीचे नव्हे.