परीक्षानळीत एक, शरीरात दुसरेच!

बोट कापले, की थोड्याच वेळात रक्त साखळते आणि वाहणे थांबते. हीच गुठळी रक्तवाहिनीच्या आत झाली तर मात्र जिवावर बेतते. अशा गुठळ्या वारंवार होणाऱ्या काही रुग्णांचे रक्त परीक्षानळीत मात्र नेहमीपेक्षा उशिरा साखळते! हे कसे?

या कोड्याचा पहिला धागा एका वेगळ्याच रोगाच्या चाचणीत सापडतो. १९०६ साली वासरमान या जर्मन शास्त्रज्ञाने उपदंशासाठी रक्ताची चाचणी शोधली. पुढे तीत बैलाच्या हृदयाचा अर्क वापरीत. त्यातील क्रियाशील पदार्थ मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये वेगळा केला. हा फॉस्फोलिपिड म्हणजे कार्डिओलिपिन. परंतु उपदंश नसलेल्या काहींची चाचणीही होकारार्थी येई. त्यांपैकी कित्येकांना ल्युपस हा विकार असे. या विकारात शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. १९५२ साली कॉन्ली व हार्टमन यांना ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात साखळण्यास विरोध करणारा घटक आढळला. १९८३ मध्ये लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, गर्भपात आणि ही प्रतिपिंडे यांची सांगड घातली.

आता कोडे सोडवू. रक्त साखळविणारी काही प्रथिने ऋण विद्युतभार असलेल्या फॉस्फोलिपिडांच्या पृष्ठभागावर जमतात. धनभारित कॅल्शियम आयन त्यांना तेथे बांधून ठेवतात. चाचणीत फॉस्फोलिपिड आपण बाहेरून, मोजकेच घालतो. प्रतिपिंडे रक्तातील एका प्रथिनाच्या साहाय्याने ती जागा अडवितात. म्हणून उशीर होतो. शरीरात मात्र रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि बिंबाणू असतात. प्रतिपिंडांमुळे ते उद्दीपित होतात आणि गुठळी होऊ लागते. परीक्षानळीला असे अस्तर नसते!

या रुग्णांत तरुण स्त्रियांचे प्रमाण बरेच असते. पायाच्या खोल शिरेत गुठळी, ऐन तारुण्यात पक्षाघात, वारंवार गर्भपात, बिंबाणूंची घट, त्वचेवर जाळीदार निळसर नक्षी ही त्यांची लक्षणे. मात्र प्रतिपिंडे आढळली म्हणजे रोग झालाच असे नव्हे. एखाद्या संसर्गानंतरही ती काही काळ दिसतात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात.

गुठळी होऊन गेलेल्यांना रक्त साखळू न देणारे वॉरफॅरिन दीर्घकाळ घ्यावे लागते. गर्भवतींना ते चालत नाही, कारण ते गर्भापर्यंत पोहोचते. हेपॅरिन वार ओलांडीत नाही. म्हणून त्याची इंजेक्शने व ॲस्पिरिनची अल्प मात्रा देतात. पूर्वी पुन्हापुन्हा मूल गमावणाऱ्या अनेक माता या उपचाराने आज सुखरूप बाळंत होतात.