मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

सत्तरीतले आजोबा एक दिवस चष्मा बाजूला ठेवून पेपर वाचायला लागतात आणि घरात कौतुक सुरू होतं. 'नजर परत आली!' बहुतेकदा ही मोतीबिंदूचीच वर्दी असते. डोळ्यातलं भिंग मध्यभागी घट्ट होत जातं, त्याची ताकद वाढते आणि काही काळ जवळचं छान दिसतं. लांबचं मात्र बिघडतं. एसटीची पाटी वाचता येत नाही, रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत फुटतात. पुढे जवळचंही धूसर होतं.

तरीही 'अजून पिकला नाही, थांबू' हे पालुपद संपत नाही. एके काळी ते बरोबर होतं. तेव्हा मोठा छेद घेऊन भिंग काढत, टाके घालत आणि मग सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा जन्माचा सोबती होई. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची रीत आणली. आता छेद जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. उलट फार पिकलेलं भिंग टणक होतं, फोडायला जास्त जोर लागतो. कधी ते फुगून डोळ्यातला दाब चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो. रोजची कामं अडू लागली की ऑपरेशनची वेळ झाली, एवढा हिशेब पुरे. थेंब टाकून मोतीबिंदू विरघळत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

एक गोष्ट हमखास सांगायची राहते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल, तर ती गोळी डोळ्याच्या डॉक्टरांना आधीच दाखवा. तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही आणि ऑपरेशनची तयारी वेगळी करावी लागते.

थांबण्यात खरा धोका काचबिंदूचा. तो बहुधा दुखत नाही, आधी बाजूची नजर खातो आणि गेलेली नजर परत मिळत नाही. कमी दिसतंय ते मोतीबिंदूमुळेच, असं घरच्या घरी ठरवलं की तो मागे लपून राहतो. डोळे चुरचुरतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने टाकले, तर तेही डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदू ओढवू शकतात. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासावाच लागतो, कितीही स्वच्छ दिसत असो. आणि वडिलांना काचबिंदू निघाला असेल, तर त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या पन्नाशीच्या मुलानेही त्याच फेरीत स्वतःच्या डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी.