हसणारे कोण, हसे कुणाचे?

वर्तमानपत्र हाती आले की घरातली मुले आधी खेळाचे पान उघडतात आणि त्यातले व्यंगचित्र पाहून खुदकन हसतात. हसावे, त्यात वावगे काही नाही. परंतु खेळाडूंची जुनी व्यंगचित्रे पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. खेळाडू कसा होता हे त्यांतून थोडेच कळते. त्याच्याकडे पाहणाऱ्या समाजाची नजर कशी होती, ते मात्र स्वच्छ दिसते.

सायकलवरच्या बायका

इंग्लंडात १८९० नंतरच्या दशकात बायका मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या. घोळदार झगा सायकलला आडवा येई, म्हणून काहींनी सैल विजार घातली. लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाला आयताच विषय मिळाला. १८९५ सालच्या एका चित्रात मैत्रीण विचारते, तुझ्याकडे सायकल नाही, मग हा पोशाख कशाला? दुसरी म्हणते, माझ्याकडे शिलाई मशीन आहे ना! थट्टा शिळी झाली, सायकल राहिली. आज अमरावती-अकोल्यात सायकलवरून शाळेला निघालेली मुलगी ही रोजचीच गोष्ट आहे.

काळा विजेता खुपला

ही थट्टा निदान सौम्य होती. अमेरिकेत काळ्या खेळाडूंच्या वाट्याला आली ती निव्वळ विटंबना. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन हा मुष्टियुद्धाचा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता झाला. गोऱ्यांना ते सोसवेना. वृत्तपत्रांनी त्याचे ओठ फुगवून, चेहरा माकडासारखा करून, हाती कलिंगड देऊन चित्रे काढली. ४ जुलै १९१० रोजी त्याने गोऱ्यांचा लाडका जेफ्रीज याला पंधराव्या फेरीत लोळवले. त्या रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि काळ्या माणसांचे जीव गेले. आधी माणसाला चित्रात माकड करायचे, मग त्याच्यावर हात उगारताना मन कचरत नाही.

पुढे जो लुई आला. सुरुवातीला त्यालाही त्याच साच्यात काढले गेले. १९३८ साली त्याने जर्मनीच्या श्मेलिंगला पहिल्याच फेरीत पाडले, तेव्हा हिटलरच्या विरोधातला तो साऱ्या अमेरिकेचा वीर ठरला. माणूस तोच, पाहणाऱ्यांची गरज बदलली होती.

हे सारे जुने झाले, असेही म्हणता येत नाही. २०१८ साली टेनिसपटू सेरेना विल्यम्सचे चित्र मेलबर्नच्या ‘हेराल्ड सन’मध्ये आले. तेच जाड ओठ, तोच बेढब देह. जगभर निषेध झाला. तरीही तिथल्या प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वृत्तपत्राला दोषी धरले नाही.

मातीचा कप

आपल्याकडे मुंबईच्या ‘हिंदी पंच’ साप्ताहिकातला पंचोबा साऱ्या जगाची फिरकी घेई. क्रिकेटही त्यातून सुटले नाही. त्या काळी संघच हिंदू, पारशी, युरोपियन असे होते. हिंदूंच्या संघात डावखुरा फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर होता, जातीने चांभार. पुण्यात त्याच्या चेंडूवर सामने जिंकले जात, आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या कपात चहा मिळे. हे कुणी व्यंगचित्रात काढले असते तर लोक अतिशयोक्ती म्हणाले असते! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्याला दिले नाही. १९२० साली डावलले गेल्यावर त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. अखेर १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला.

मैदानाबाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही कुंचल्याचा हाच अनुभव आला. त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रांतली त्यांच्यावरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती पाहताना हसू येत नाही.

मुलांना काय सांगावे?

१९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. त्याच ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्स या काळ्या धावपटूने चार सुवर्णपदके पटकावली. आज अकोल्यात मुष्टियोद्धे घडताहेत, मुलीही ठोसे मारायला शिकताहेत. उद्या त्यांची चित्रे छापून येतील.

तेव्हा आईबापांनी मुलांसोबत व्यंगचित्र पाहताना तीन प्रश्न विचारावेत. चित्र काढणारा कोण? थट्टा खेळाची आहे की खेळाडूच्या रंगाची, जातीची, बाईपणाची? आणि ज्याचे चित्र आहे तो शेजारी बसला असता तर आपण हसलो असतो का? मूल चित्रे काढत असेल तर त्याच्या हाती पेन्सिल जरूर द्या. आपल्या माणसांची चित्रे आपल्या मुलांनीही काढायला हवीत.