छायाचित्रांचे बारदान

दुकानाच्या पायरीवरून परत फिरणारे गिऱ्हाईक गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. भाव पटला नाही की वाण पसंत पडले नाही, हे त्याला चेहऱ्यावरूनच उमगते. संकेतस्थळावरून परत फिरणारे गिऱ्हाईक मात्र न बोलता निघून जाते. पुष्कळदा त्याने माल पाहिलेलाही नसतो. छायाचित्र उमटण्याची वाट पाहूनच ते कंटाळलेले असते. या नुकसानीची नोंद कोणत्याही खातेवहीत सापडत नाही.

साधा हिशेब मांडून पाहावा. साड्यांच्या एखाद्या पेढीने मोबाइलवर काढलेली ३० छायाचित्रे जशीच्या तशी एका पानावर चढवली, असे समजू. प्रत्येकी ४ एमबी धरल्यास एकूण १२० एमबी, म्हणजेच ९६० मेगाबिट होतात. गिऱ्हाइकाला सेकंदाला ८ मेगाबिट वेग मिळत असेल, तर सर्व छायाचित्रे उतरण्यास दोन मिनिटे लागतील. तीच प्रत्येकी २०० केबीची केली, तर सहा सेकंद पुरतात. पानावरील सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे.

पोत्यातील मालाबरोबर बारदानाचेही वजन येते, तसाच हा प्रकार. ४००० गुणिले ३००० आकाराच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. १२०० गुणिले ९०० आकारात ते १० लाख ८० हजार, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा उरतात. मोबाइलच्या पडद्यावर साडी पाहण्यास तेवढे पुरेसे असतात. म्हणून आधी आकार कमी करावा, मग संक्षेपण करावे.

या संक्षेपणामागील गणितात बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांचा मोठा वाटा आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि पुढे जेपेग पद्धत त्यावरच उभी राहिली. चित्राचे लहान चौकोन पाडून, डोळ्यांना फारसे न जाणवणारे बारकावे त्यात ढोबळ केले जातात. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपी प्रकारातील चित्रे तुल्य जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होतात, असे गूगल सांगते. ‘स्क्वूश’ या विनामूल्य साधनात मूळ व संक्षिप्त चित्र शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते.

मात्र काटकसरीलाही मर्यादा हवी. जरीचा बारकावा पुसला जाईल किंवा रंग फसवा दिसेल इतके संक्षेपण करू नये. घरी पोहोचलेली साडी चित्राशी जुळली नाही, तर पेढीची पत जाते. जेपेग चित्र पुनःपुन्हा जतन केल्याने त्याचा दर्जा खालावत जातो. यासाठी मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी. पानाच्या खालच्या भागातील चित्रे गिऱ्हाईक तेथवर पोहोचल्यावरच उतरतील, अशी सोय संकेतस्थळ घडवणाऱ्याकडून करून घ्यावी. वरच्या पहिल्या चित्राला मात्र हा नियम लावू नये.

एवढे झाल्यावर परीक्षा पेढीवरील वेगवान वायफायवर घेऊ नये. खेड्यातील एखाद्या आप्ताला साध्या मोबाइलवर, मोबाइलच्याच डेटावर पान उघडण्यास सांगावे आणि पहिली साडी दिसेपर्यंतचे सेकंद मोजावेत. बहुतेक गिऱ्हाइके याच वाटेने दुकानात येत असतात.